कारंतांचे स्मरण, जोकुमाराच्या वाटेने

हिरण्यकेशीच्या काठी, संकेश्वरच्या अलीकडे, आमचे एक जुने मराठी नाट्यमंडळ आहे. यात्रेला तीन अंकी नाटक, गणपतीत एकांकिका, दिवाळीनंतर एखाद्या स्पर्धेला हजेरी, असा त्याचा वर्षाचा रिवाज. तालमीच्या खोलीत फोटो आहेत ते बालगंधर्वांचे, मास्टर दीनानाथांचे, अण्णासाहेब किर्लोस्करांचे. ज्याला आपण केवळ दिग्दर्शक म्हणून ओळखतो अशा माणसाचा एकही नाही. मंडळाच्या बैठकीत आमच्या निवृत्त गुरुजींनी हे दाखवून दिले आणि दरवर्षी एका दिग्दर्शकाचे स्मरण करावे असा ठराव मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला. पहिले नाव त्यांनी सुचवले तेव्हा मात्र चुळबुळ झाली. नाव होते कन्नड रंगभूमीचे दिग्दर्शक बी. व्ही. कारंत.

पुढच्या दोन वर्षांत या ठरावाचे काय झाले ते इथे सविस्तर मांडतो आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात अशी मंडळे पुष्कळ आहेत आणि जयंत्या-पुण्यतिथ्या सगळेच करतात. लेखकाची पुस्तके उरतात, गायकाच्या ध्वनिमुद्रिका उरतात. नाटकाच्या दिग्दर्शकाचे काम शेवटच्या प्रयोगाच्या पडद्याबरोबर संपते. मग आठवायचे काय आणि कसे, हा आमच्यापुढचा खरा पेच होता. तो पेच आहे हे समजायलाच आम्हाला एक वर्ष लागले.

कारंतांची ओळख थोडक्यात करून देतो. बाबुकोडी वेंकटरमण कारंत यांचा जन्म १९२९चा, दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बंटवाळ तालुक्यातल्या मंची गावचा. पोरवयातच घरातून पळून ते गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत गेले. वीरण्णांनीच त्यांना पुढे काशीला शिकायला पाठवले. तिथे त्यांनी हिंदीत एम. ए. केले आणि ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणे शिकले. १९६२ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडले आणि १९७७ ते १९८१ या काळात त्याच विद्यालयाचे संचालक झाले. पुढे भोपाळच्या भारत भवनचे रंगमंडळ, मग १९८९ मध्ये मैसूरची रंगायण ही नाट्यसंस्था. १ सप्टेंबर २००२ रोजी बेंगळुरूत ते गेले. सिनेमातही त्यांचे नाव मोठे आहे. गिरीश कर्नाडांबरोबर केलेल्या ‘वंशवृक्ष’साठी दोघांना मिळून उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९७५च्या ‘चोमन दुडी’ला सुवर्णकमळ. ‘ऋष्यशृंग’ आणि ‘घटश्राद्ध’ या चित्रपटांच्या संगीतासाठीही त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आहेत.

पहिल्या वर्षाचा कार्यक्रम

पहिल्या वर्षी सप्टेंबरात कार्यक्रम झाला तो आपल्याकडे होतो तसाच. समई, फोटोला हार, प्रास्ताविक, पाहुण्यांचे भाषण, आणि शेवटी ‘चोमन दुडी’मधला अखेरचा भाग पडद्यावर. पाहुणे अभ्यासू होते. त्यांनी वर दिलेली माहिती नीट क्रमाने सांगितली. समोर मंडळाची माणसे, त्यांची घरची माणसे, आणि मागे रिकाम्या खुर्च्या.

भाषणाने जे झाले नाही ते सिनेमाच्या त्या तुकड्याने थोडे झाले. कन्नड लेखक शिवराम कारंत यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. चोमा अस्पृश्य वेठबिगार. स्वतःची तुकडाभर जमीन कसायची, एवढीच त्याची इच्छा. त्याच्याकडे बैलजोडी आहे, पण जातीमुळे कोणी खंडाने रान देत नाही. मुले एकेक करून जातात. एक पोर पाण्यात बुडते आणि काठावरची माणसे विटाळाच्या भीतीने हात घालत नाहीत. शेवटी चोमा बैल हाकलून देतो, नांगर मोडतो, दार लावून घेतो आणि दुडी वाजवत राहतो. दुडी म्हणजे हातात मावणारे छोटे चर्मवाद्य. वासुदेव रावांनी चोमा केला आहे आणि त्यांनाही त्या वर्षीचा उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चोमाला जे तोंडाने बोलता येत नाही ते सगळे त्या दुडीतून येते. आमच्या मंडळात हलगी वाजवणारा एक मुलगा आहे. तो त्या रात्री घरी गेलाच नाही. तालमीच्या खोलीत बसून तो ठेका हलगीवर बसवत राहिला.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत करताना आमचे खजिनदार गुरुजींना म्हणाले, “गुरुजी, सिनेमा बगितला, मानूस मोठा वाटला. पन नाटकातला कारंत कुटं दिसला आमास्नी?”

या प्रश्नाने पुढचे सगळे घडवले. चित्रपट हाताशी असतो म्हणून आपण दिग्दर्शकाचे स्मरण चित्रपट दाखवून उरकतो. कारंतांच्या बाबतीत त्यामुळे फार मोठा भाग अंधारात राहतो, कारण त्यांनी चित्रपट मोजके केले आणि नाटके आयुष्यभर. ती नाटके ज्यांनी पाहिली त्यांच्याबरोबर ती हळूहळू जात आहेत.

कन्नड माणूस, मराठी मंडळ

दुसऱ्या वर्षाच्या बैठकीत आधी जुनाच वाद निघाला. आपण मराठी मंडळ, सीमाभागात मराठीचे नाव टिकवायला आजोबा-पणजोबांनी हे उभे केले. दिग्दर्शक आठवायचे तर विजया मेहता आहेत, भालजी पेंढारकर आहेत, शांतारामबापू तर कोल्हापूरचेच. कारंतच का?

हा विरोध मी हलका मानत नाही. इथे मराठी नाटक करणे म्हणजे नुसती करमणूक कधीच नव्हती. फलक, शाळा, कागदपत्रे, सगळीकडे भाषेचा प्रश्न रोज समोर येतो आणि अशा ठिकाणी मंडळाची तालीम ही मराठी मोकळेपणी बोलायची हक्काची जागा असते. ती जागा जपण्याची काळजी करणाऱ्याला संकुचित म्हणणे अन्यायाचे आहे.

गुरुजींनी उत्तर दिले ते भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३चा, गुर्लहोसूरचा, म्हणजे याच बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीकडचा. काही काळ ते बेळगावात शिक्षक होते. १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आले आणि मराठी संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. त्याच्याही आधी सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केले ते १८४३ मध्ये, आणि त्यामागची प्रेरणा होती कर्नाटकातून सांगलीला येऊन खेळ करून गेलेली भागवत मंडळी. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तो खेळ पाहिला आणि असे काही आपल्याकडे व्हावे म्हणून भाव्यांना सांगितले. पुढे पारडे फिरले. मराठी कंपन्या धारवाड, हुबळी, गदगपर्यंत इतक्या गाजू लागल्या की १८७०च्या दशकात गदगला शांतकवींनी कन्नड नाटकांची स्वतंत्र मंडळी उभी केली. कन्नड कंपनी-नाटक वाढले ते या चढाओढीत. आणि तशाच एका कन्नड कंपनीत, गुब्बीच्या कंपनीत, पोरगे कारंत वाढले.

मला स्वतःला या इतिहासापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त पटली, आणि ती बैठकीत मीच मांडली. १९७२ मध्ये बेंगळुरूच्या रवींद्र कलाक्षेत्राच्या मोकळ्या आवारात कारंतांनी तीन नाटके लागोपाठ उभी केली. लेखक पी. लंकेश यांनी कन्नडमध्ये आणलेला ‘ईडिपस’, लंकेश यांचेच ‘संक्रांती’, आणि चंद्रशेखर कंबारांचे ‘जोकुमारस्वामी’. कंबार घोडगेरीचे. घोडगेरी हुक्केरी तालुक्यातली, घटप्रभेच्या काठची, आमच्या गावाहून सकाळी निघून दुपारी जेवायला परत येता येते इतकी जवळ. ज्या नाटकाने कारंतांचे नाव कन्नड रंगभूमीवर पक्के केले त्यातली बोली, त्यातली गाणी, त्यातला जोकुमार आमच्या तालुक्यातला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात जब्बार पटेलांनी ‘घाशीराम कोतवाल’ केले. लोककलेतले गाणे-नाचणे घेऊन आजचे बोलायचे, ही धडपड एकाच वेळी दोन्ही भाषांत चालू होती. ‘घाशीराम’चे संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि ‘वंशवृक्ष’चेही त्यांचेच. माणसे एकमेकांकडे जात-येत होती. कर्नाडांची ‘तुघलक’ आणि ‘हयवदन’ कन्नडमधून हिंदीत नेली ती कारंतांनीच. ‘हयवदन’ मराठीत खानोलकरांनी आणले आणि विजयाबाईंनी बसवले.

मतदान वगैरे काही झाले नाही. विरोध करणाऱ्यांपैकी एक मामा शेवटी म्हणाले, “करा, पन मराठीतनं करा.” हे बोलणे नंतर फार उपयोगी पडले. आपण कोणत्या भाषेत काय करतो आहोत, याचा प्रत्येक पायरीवर विचार करावा लागला.

जोकुमार

जोकुमार म्हणजे काय हे आमच्यातल्या तरुण मुलांना नीट माहीत नव्हते. बायकांना होते. भाद्रपद शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अंबिग म्हणजे नावाडी समाजाच्या बायका बुट्टीत ओल्या मातीचा जोकुमार घेऊन दारोदार फिरतात. भोवती कडुनिंबाचा पाला, मोठाले डोळे, उघडे तोंड, ओठांना लोणी. त्या गाणी म्हणतात, घरची बाई सुपातून ज्वारी, मीठ, मिरची घालते, त्या पाला देतात आणि तो रानात टाकतात. सात दिवसांचे आयुष्य घेऊन आलेला हा देव. पौर्णिमेच्या रात्री परटाच्या दगडापाशी तो मारला जातो आणि पाण्यात जातो.

त्याची गोष्ट सांगतात ती अशी. गणपती येतो, मोदक खातो, वर जाऊन शिवाला सांगतो की खाली सगळे सुखात आहेत. मागून जोकुमार येतो. तो गोरगरिबांच्या दारात फिरतो, रान बघतो, रिकामी कणगी बघतो. मेल्यावर तो वर जाऊन खरे काय ते सांगतो आणि मग पाऊस येतो.

कंबारांच्या नाटकात हा जोकुमार वेगळ्या वळणाने येतो. गावचा गौडा जमीनदार, त्याला मूल होत नाही. त्याची बायको गौडती नवस करते, जोकुमाराचा प्रसाद नवऱ्याच्या पोटात जायचा तो गौड्याशी भांडणाऱ्या बसण्णाच्या पोटात जातो. मूल बसण्णाचे होते आणि बसण्णा मारला जातो. जमीन कोणाची आणि मूल कोणाचे, हे दोन प्रश्न नाटकात एकत्र गुंफले आहेत.

हेच नाटक मराठीत करावे असा पहिला विचार होता. तो सोडला, आणि माझ्या मते तो सोडणे हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय ठरला. नाटक करायचे तर भाषांतर हवे, लेखकाची परवानगी हवी, ते सगळे मिळवता येते. पण नाटक कंबारांचे आहे. ते केले असते तर स्मरण कंबारांचे झाले असते. आम्हाला कारंत हवे होते, म्हणजे त्यांनी नाटक बसवताना काय केले ते हवे होते. त्यांनी जे घोडगेरीच्या गाण्यांचे केले ते आपण आपल्या गावच्या गोष्टीचे करून बघावे, असे ठरले. गोष्ट घेतली ती गणपती आणि जोकुमार वर जाऊन आपापला अहवाल देतात ती. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ, निवेदन आणि संवाद मराठीत, आमच्या बोलीत. गाणी जशी आहेत तशी कन्नडमध्ये. अंबिगांच्या बायकांनीच म्हणायची.

सूप, फाळ आणि घागर

कारंतांच्या नाटकातले संगीत हा त्यांच्या कामाचा गाभा आहे. शास्त्रीय गाणे शिकलेला, कंपनीच्या पेटीवर वाढलेला हा माणूस, पण रंगमंचावर त्यांनी दगड, बांबू, करवंट्या, भांडी आणि नटांच्या तोंडचे आवाज आणले. कन्नड नाटककार श्रीरंगांच्या ‘सत्तवर नेरळु’मध्ये दासांची, म्हणजे कन्नड संतकवींची, पदे नाटकाच्या पोटात शिरवली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ‘मॅकबेथ’ हिंदीत ‘बरनम वन’ म्हणून केले तेव्हा कर्नाटकातल्या यक्षगान या लोकनाट्याची चाल आणली. त्यांच्याकडे गाणे संवाद थांबवून येत नसे. संवाद जिथे अपुरा पडतो तिथून ते उगवायचे.

हे वाचून कळते, पण हाताला येत नाही. आमच्या तबलजी मामांना पहिल्या तालमीत ते अजिबात पटले नाही. “ताल धरायचा कशात? सुपात?” असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. आयुष्यभर नाट्यसंगीताची साथ केलेल्या माणसाला सम कुठे पडते ते माहीत असावे लागते.

मग खरोखरच सूप आणले. घरोघरचे वेगवेगळे. ज्वारी घालून पाखडले की ठसक्यात आवाज येतो, मध्ये श्वासाएवढी जागा राहते. तेच घोळले की सलग झड लागते. तांदूळ घातला की आवाज बारीक होतो, लांबच्या पावसासारखा. हरभऱ्याने गारा पडतात. एक आक्का पाखडत होती, दुसरी घोळत होती, आणि तबलजी मामा गप्प ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सांगितले की पाखडणारीने दर चौथ्या झटक्याला दाणा उंच उडवावा, तिथे सम मिळते. तिथून तालीम त्यांच्या हातात गेली. नांगराचा जुना फाळ दोरीला टांगून त्यावर खिळ्याने मारले तर देवळातल्या घंटेसारखा नाद येतो, तो शिवाच्या दरबारासाठी घेतला. पितळी घागरीच्या तोंडावर तळहात ठेवून काढला की पाण्यात काही बुडाल्यासारखा घुमारा निघतो, तो जोकुमाराच्या मरणासाठी. हलगीवाल्या मुलाने वर्षभर घोटलेला दुडीचा ठेका कुठे घ्यायचा यावर बराच खल झाला. शेवटी तो घेतलाच नाही. चोमाचा ठेका चोमाचा. मुलाने जोकुमारासाठी स्वतःचा वेगळा ठेका बसवला.

वाद्यवृंद बाजूला बसवायचा नाही, ज्याने आवाज काढायचा त्याने खेळातच असायचे, हे ठरवल्यावर अभिनयही बदलला. आमच्याकडे नट समोर येऊन प्रेक्षकांकडे बघून वाक्य टाकतो, ही सवय मोडत नाही. हातात सूप असल्यावर माणूस आपोआप कामाकडे बघतो. वाक्य कामातून येते. गणपती झालेल्या मुलाला काहीच वाजवायला नव्हते, तो नुसता खात होता, आणि त्याच्याभोवती सगळे राबत होते. हे दिग्दर्शन म्हणून कोणी सुचवले नव्हते. आवाजांची वाटणी करता करता ते चित्र तयार झाले आणि गुरुजींनी ते तसेच ठेवले.

सगळ्यात मोठा बदल मजकुरात झाला. मूळ गोष्टीत जोकुमार जाऊन दुष्काळ सांगतो आणि पाऊस आणतो. तालमीत शिवाने विचारले, “खाली काय हाय?” आणि जोकुमार झालेल्या पोराला ठरलेले वाक्य बोलता येईना. तो म्हणाला, २०१९च्या ऑगस्टात पाणी आमच्या घरात माळ्यापर्यंत आले होते, मी पाऊस मागू कसा? त्या वर्षी हिरण्यकेशी, घटप्रभा, कृष्णा, सगळ्याच फुगल्या होत्या आणि बेळगाव जिल्ह्यात गावेच्या गावे पाण्यात गेली. जोकुमाराने काय सांगावे यावर पुढच्या काही तालमी गेल्या. ठरले ते असे, की तो पाऊस मागत नाही, तो नुसते बघितलेले सांगतो. कुणाचा ऊस कुजला, कुणाची म्हैस दावणीलाच गेली, कुणाची सातबाराची कागदे भिजली, कोण छावणीत बाळंत झाली. हे सगळे गावात घडलेले, फक्त नावे काढलेली. शिव काही बोलत नाही. फाळाचा नाद होतो आणि सूप थांबतात.

प्रयोग पौर्णिमेनंतरच्या शनिवारी शाळेच्या पटांगणात झाला. मंच बांधला नाही, लोक तिन्ही बाजूंनी बसले. आदल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या या वेळी मागवल्याच नव्हत्या आणि माणसे भिंतीवर बसली होती. शेजारच्या वाडीतली कन्नड कुटुंबेही आली, कारण त्यांच्या घरच्या बायका गाणार होत्या. म्हशीचा प्रसंग आला तेव्हा समोरच्या एका म्हाताऱ्याने “माझीच ती,” असे मोठ्याने सांगितले आणि पोरगे क्षणभर अडखळले, मग त्याने त्यालाच नमस्कार करून वाक्य पुरे केले.

खेळाआधी कारंतांविषयी पाच मिनिटे बोलायचे ठरले होते. ते काम मंडळातल्या एका कॉलेजच्या मुलीने केले. तयारी करताना तिच्या वाचनात १९८६चे भोपाळचे प्रकरण आले. कारंतांच्या घरी रंगमंडळातली एक अभिनेत्री गंभीर भाजली, कारंतांना अटक झाली, तुरुंगात राहावे लागले, आणि भोपाळचा अध्याय तिथे संपला. हे सांगायचे की नाही? काही ज्येष्ठांचे म्हणणे, स्मरणाच्या दिवशी नको. मुलीचे म्हणणे, आधीच्या वर्षी ते गाळले, म्हणून ऐकणाऱ्याला अर्धाच माणूस कळला, आणि ज्या बाईच्या अंगाला आग लागली तिला तर आपण पुसूनच टाकले. मी तिच्या बाजूने होतो. तिने ते दोन-तीन वाक्यांत सांगितले, निवाडा न करता, आणि पुढे मैसूरच्या रंगायणाकडे वळली.

गाणाऱ्या बायका

मागे वळून पाहताना या प्रकरणातली एक बाजू मला अजून टोचते. मातीतली रंगभूमी ही कल्पना १९७०-८०च्या दशकांत देशभर गाजली. १९८४ पासून संगीत नाटक अकादमीने तरुण दिग्दर्शकांना पारंपरिक कलांकडे नेणारी योजनाही चालवली. त्यावर टीका झाली ती अशी, की शहरी दिग्दर्शकाने गावची गाणी उचलली, पुरस्कार त्याला मिळाले आणि गाणारे होते तिथेच राहिले. कारंतांनी भोपाळला बुंदेली, माळवी, छत्तीसगढी बोलींत नाटके केली, तिथल्या कलावंतांना रंगमंडळाशी जोडले. मला वाटते त्यांच्यावर ही टीका सरसकट लागू होत नाही. पण ती टीका खोटीही नाही, आणि गावातल्या गावात आमच्यावर ती लागू होऊ शकत होती. अंबिगांच्या वस्तीतल्या बायका आणि आमचे मंडळ, यांच्यात एक रस्ता आहे आणि तो रस्ता ओलांडायला मंडळाला इतकी वर्षे लागली.

बायकांनी आपल्या अटी स्वतःच सांगितल्या. त्यांच्यातली थोरली आक्का मराठी-कन्नड दोन्ही सफाईने बोलते. मूर्ती मंचावर येणार नाही. रिकामी बुट्टी आणि पाला एवढेच. मरणाचे गाणे पौर्णिमेच्या रात्रीच म्हणायचे असते, ते खेळात म्हणणार नाही. त्या जागी घागरीचा घुमारा आला तो यामुळेच, आणि मला तो गाण्यापेक्षा कमी वाटला नाही. तिसरी अट पैशांची. आम्ही खण-नारळ आणि ओटीची तयारी केली होती. आक्का म्हणाली, “ओटी भरा, चालतंय. पण पेटीवाल्याला जेवढं पाकीट देतासा तेवढंच आमाला.” पेटीवाल्याला गडहिंग्लजहून बोलावत होतो, त्याचे पाकीट ठरलेले होते. तेवढेच दिले, प्रत्येकीला वेगळे. आणि पत्रिकेत ‘संगीत’ या शब्दापुढे त्यांची नावे छापली, सहभाग म्हणून खाली बारीक अक्षरात टाकली नाहीत.

मोबाइलवर चित्रण करायचे की नाही, यावर अजून एकमत नाही. मंडळाच्या मुलांना ते हवे आहे, कारण कारंतांचीच नाटके चित्रणाअभावी गेली असे ते म्हणतात. बायकांना ही गाणी वर्षभर कुठेही वाजायला नको आहेत. गेल्या वेळी चित्रण केले नाही. त्याऐवजी तालीमवही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक पानावर डाव्या बाजूला संवाद, उजव्या बाजूला कोण कुठून कुठे जातो त्याच्या रेघा, खाली कोणत्या धान्याचे सूप आणि कितव्या झटक्याला सम. दिग्दर्शकाच्या कामाची नोंद अशी ठेवता येते हे त्या वहीमुळे आम्हाला पहिल्यांदा कळले. घटप्रभेकडच्या एका गावातल्या कन्नड मंडळाने ती वही बघायला मागितली. रेघा आणि सुपांची टिपणे त्यांनी उतरवून घेतली आहेत. संवाद ते आपल्या बोलीत नव्याने लिहिणार आहेत, आणि त्यांच्या गावात पूर वेगळा आला होता, त्यामुळे त्यांचा जोकुमार काय सांगेल ते त्यांच्या तालमीत ठरेल. आमचे तबलजी मामा त्यांना सूप शिकवायला जाणार आहेत.